सेल्फ फिरतो, गाडी रुसते

प्रश्न : दादा, सहा महिन्यांपूर्वी सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली, 14 वर्षं जुनी, सव्वा लाख किलोमीटर झालेली. दिवसभर चावी फिरवली की लगेच चालू, पण सकाळी पहिल्यांदा मात्र तीन-चार वेळा सेल्फ मारावा लागतो, मग थोडी थरथरते, चालू होते आणि नंतर काही झालंच नाही अशी चालते. बॅटरी नवी टाकली, प्लग बदलले, फरक शून्य. आता मेकॅनिक म्हणतोय सेल्फच बदलू. बदलू का?

उत्तर : नका बदलू, निदान आत्ता तरी. तुम्हीच लिहिलंय की दिवसभर लगेच चालू होते. सकाळी सेल्फ कसा फिरतो ते मात्र लिहिलं नाहीये, आणि खरं म्हणजे सगळा खेळ तिथंच आहे. उद्या सकाळी काच खाली करा, रेडिओ-एसी बंद ठेवा आणि नुसतं ऐका. घर्र-घर्र-घर्र असा नेहमीच्या वेगात फिरत असेल तर सेल्फ आणि बॅटरी दोघंही निर्दोष, त्यांचं काम इंजिन फिरवायचं, ते त्यांनी केलं, पुढं पेट्रोल आणि स्पार्कचं बघायचं. जड जड, अडखळत फिरत असेल तरच खालचं दुसरं उत्तर वाचा.

चांगला फिरतोय असं धरून चालतो, कारण बॅटरी नवी आहे. आता रात्रभरात गाडीत काय बदलतं? इंजिन गार होतं, आणि पेट्रोलच्या लायनीतलं प्रेशर उतरतं. प्रेशर थोडं उतरतंच, पण जुन्या गाडीत टाकीतल्या पंपाचा एकतर्फी व्हॉल्व्ह झिजला की ते पार शून्यावर जातं, मग सकाळी आधी लाईन भरायची आणि मग इंजिन पेटायचं, तेवढा वेळ तुम्ही सेल्फ मारत बसता. हे तपासायला एक पैसा लागत नाही. सकाळी चावी ऑनपर्यंतच फिरवा, सेल्फ मारू नका, मागच्या सीटखालून साधारण दोन सेकंद बारीक 'उंऽऽ' असा आवाज येईल, तो पंप. आवाज थांबला की चावी बंद. असं तीन-चार वेळा करा आणि मग सेल्फ मारा. पहिल्या फटक्यात चालू झाली तर चोर सापडला म्हणायचं, निदान चोराची गल्ली तरी सापडली. (आवाज अजिबातच येत नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले आधी बघून घ्या.)

गल्ली म्हणतो कारण प्रेशर तीन ठिकाणी उतरू शकतं, पंपाचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर (लायनीतलं प्रेशर नेमकं ठेवणारा) किंवा गळका इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा). इंजेक्टर गळत असेल तर रात्रभर थेंब थेंब पेट्रोल सिलिंडरमध्ये जातं, मग चालू होताना पेट्रोलचा वास येतो, काळा धूर येतो आणि सुरुवातीला एखादा सिलिंडर मिस मारतो. तुमची ती 'थरथर' मला जरा तिकडंच नेतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी उलटं करून बघा, ॲक्सिलरेटर पूर्ण तळापर्यंत दाबून सेल्फ मारा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांमध्ये असं केलं की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद ठेवतो आणि आतलं जादा पेट्रोल बाहेर निघतं. अशी पटकन पेटली तर गळतीच. पेटताक्षणी पाय काढा हां, नाहीतर गार इंजिन एकदम किंचाळेल. रेग्युलेटर इंजिनवर असेल तर त्याच्या बारीक व्हॅक्युम पाईपला पेट्रोलचा वास येतोय का बघा, येत असेल तर आतला पडदा फाटलाय. पेट्रोलची लाईन मात्र स्वतः उघडू नका, तिच्यात बहुतेक गाड्यांत 3 ते 4 बार प्रेशर असतं. गेज लावून इंजिन बंद केल्यावर काटा किती वेळ टिकतो हे बघायचं काम मेकॅनिकला सांगा, पण 'बघा' म्हणून सांगा, 'बदला' म्हणून नाही.

आणि दोन्ही युक्त्या करूनही काही फरक नाही पडला तर कूलंटचा टेम्परेचर सेन्सर. इंजिन गार असताना हा 'गरम आहे' म्हणून सांगत असेल तर कॉम्प्युटर पेट्रोल कमी सोडतो. स्कॅनर असेल कुणाकडं तर सकाळी गाडी चालू करायच्या आधी कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी बघा, रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखंच हवं. एक 22 आणि दुसरं 60 दाखवत असेल तर अजून काय पुरावा पाहिजे!

प्रश्न : चावी फिरवली की नुसतं टिक-टिक-टिक-टिक, दिवे पण मंद होतात. बॅटरी वर्षाचीच आहे.

उत्तर : वर्षाची असो नाहीतर कालची, मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धीमुर्धी. मग कुणालातरी सेल्फ मारायला लावून मीटर बघत राहा, 9.6 च्या खाली आपटलं तर बॅटरी कमजोर. गाडी चालू असताना 13.8 ते 14.4 च्या आसपास दिसलं पाहिजे, नसेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये आणि बिचाऱ्या बॅटरीला उगाच शिव्या.

ह्या सगळ्यात बॅटरी चांगली निघाली तर अर्थिंग. मी स्वतः ह्यात भरपूर भाजून निघालोय म्हणून जरा लांबण लावतो. माझ्या जुन्या गाडीला हेच होत होतं, गॅरेजवाल्यानं बॅटरी बदलली, मग सेल्फ बदलला, दोन आठवड्यांनी परत टिक-टिक. शेवटी वैतागून एका रविवारी जंप केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला, आणि सेल्फ असा फिरला की मीच दचकलो. मायनसपासून इंजिनला जाणारी वायर वरून काळी कुळकुळीत, एकदम शाबूत, पण रबर चिरलं तर आत तांब्याच्या जागी हिरवी भुकटी, चारपाच तारा काय त्या शिल्लक. त्या तेवढ्या तारांवर दिवे लागायचे, हॉर्न वाजायचा, पण सेल्फला शे-दीडशे अँपिअर लागतात, ते तिथून जाणार कसे! नवी वायर टाकली, संपलं. काढलेला सेल्फ अजून माळ्यावर आहे, चांगला.

टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर खायचा सोडा आणि गरम पाण्यानं धुवा, ब्रशनं घासा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी, नाहीतर प्लसवरचा पाना चुकून बॉडीला लागला की ठिणग्यांची आतषबाजी.

एकदाच 'टक' होऊन शांत होत असेल आणि दिवे झगझगीत राहत असतील, तर मात्र सेल्फचाच सोलेनॉइड (त्याला करंट जोडणारा स्विच) किंवा कार्बन (आतले घासणारे ब्रश).

प्रश्न : माझं उलटं आहे, गार असताना मस्त चालू होते पण लांब जाऊन दहा मिनिटं थांबलं की नाहीच. अर्ध्या तासानं आपोआप चालू.

उत्तर : क्रँक सेन्सरवर माझा पहिला संशय, म्हणजे इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा. तापला की सिग्नल सोडतो, गार झाला की परत शहाणा. बंद पडलेली असताना सेल्फ मारा आणि आरपीएमचा काटा बघा, बऱ्याच गाड्यांत तो थोडा हलतो, तुमचा गार असताना हलत असेल आणि तेव्हाच मेल्यासारखा पडून असेल तर संशय पक्का. गॅरेजला नेईपर्यंत गाडी गार होते आणि तिथं बरोब्बर चालू होते, त्यामुळे फोनवर व्हिडिओ काढून ठेवा, नाहीतर तुम्हालाच वेड्यात काढतील.

प्रश्न : डिझेल गाडी, थंडीत सकाळी पांढरा धूर आणि खूप वेळ सेल्फ.

उत्तर : हीटर प्लग, म्हणजे गार इंजिनात डिझेल पेटावं म्हणून सिलिंडर तापवणारे. मल्टिमीटरनं एकेक तपासा, चांगला असेल तर एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, जळालेला असेल तर काहीच नाही. प्लग ठीक असतील तर त्यांचा रिले. थंडी नसतानाही होत असेल तर लायनीत एअर घेतेय, फिल्टरजवळचा हातपंप दाबून बघा, दाबल्यावर लगेच चालू झाली तर पाईपचे क्लिप आणि फिल्टरचं सील बघा.

प्रश्न : एका वेळी सेल्फ किती मारायचा?

उत्तर : दहा सेकंद, बस. मग अर्धा-एक मिनिट थांबा, सेल्फ आतून भयंकर तापतो. आणि नाहीच पेटली तर चार-पाच वेळांनंतर सोडून द्या, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला जाऊन धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं, आणि तो सगळ्या सेन्सरांपेक्षा महाग.