सात सीटा आहेत, पण आजोबा बसणार कुठे?

प्रश्न : काका, आम्ही चिपळूणला राहतो. घरात मी, माझे यजमान, सहा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. मार्चमध्ये बाळ येईल. दहा वर्षं जुनी वॅगन-आर आता पुरणार नाही. गाडी रोज शाळा आणि बाजारापुरती, लांबचे प्रवास धरून महिन्याला सातशे किलोमीटरच्या आसपास फिरते. वर्षातून पाच-सहा वेळा कुंभार्ली चढून पुण्याला माझ्या माहेरी जातो (मुलीला घाटात गाडी लागते). सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बजेट सगळं धरून १४ लाख. यजमानांना अर्टिगा सीएनजी हवी आहे. चुलत दीर त्यांची जुनी इनोव्हा क्रिस्टा द्यायला तयार आहेत. मला कॅरेन्स आवडली. भाऊ न्यू जर्सीला असतो, तो म्हणतो सरकत्या दारांची मिनीव्हॅनच घे. सासूबाई म्हणतात, बाळ तर मांडीवरच असणार, मग सात सीटा कशाला? सासरे काही बोलत नाहीत. काय करू?

उत्तर : ताई, सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. मुलीला घाटात गाडी लागते. माझा सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो.

मायलेज, टचस्क्रीन, सनरूफ नंतर बघू. एक कागद घ्या, त्यावर तीन ओळी आखा आणि कोण कुठे बसणार ते लिहा. मी लिहून पाहिलं. स्टिअरिंगवर यजमान. त्यांच्या शेजारी सासूबाई, कारण पुढच्या सीटवर आधी टेकायचं आणि मग पाय आत घ्यायचे, हे ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला सोपं जातं. मधल्या ओळीत बाळ, आणि बाळाशेजारी तुम्ही. मुलगी शेवटच्या ओळीत नको. मागच्या चाकांवर बसून कुंभार्लीची वळणं घेतली की चांगल्या माणसाचंही पोट ढवळतं. म्हणजे तीही मधेच. मग शेवटच्या ओळीत उरले तुमचे सासरे. जे काही बोलत नाहीत ते.

तेव्हा ही गाडी खरं तर सासऱ्यांसाठी निवडायची आहे, आणि त्यांना अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.

आता सासूबाईंची मांडी. माझ्या आईनेही माझ्या मुलांना मांडीवरूनच कऱ्हाडहून कोल्हापूरला नेलं, त्यामुळे त्यांना नावं ठेवणार नाही. पण ब्रेक लागल्यावर काय होतं ते मी गॅरेजात आलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर पाहिलंय. धडकेत पाच-सहा किलोचं बाळ दोन हातांत राहत नाही, पैलवानाच्याही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा त्याच्या वेगळ्या सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड आहे. सासूबाईंना दंडाचं सांगा, कधीकधी तेच लवकर पटतं.

तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून बसवायची असते. पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर तर कधीच नाही. मधल्या ओळीत दोन्ही कडांना, पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथे, बोट घातलं की लोखंडी कडी लागते. तिला आयसोफिक्स म्हणतात. बाळाची सीट तिथे अडकवली की ती बाजू कायमची गेली. ती सीट दुमडत नाही, पुढे सरकत नाही. आणि शेवटच्या ओळीत जायचा रस्ता मधलीच सीट दुमडून असतो. म्हणून बाळ उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे, आणि डावी बाजू आजोबांच्या येण्याजाण्याला मोकळी. मधे तुम्ही. मुलगी डावीकडे, तिच्या बूस्टरवर, म्हणजे मुलाला उंच बसवणाऱ्या बैठकीवर. तो बेल्टनेच धरलेला असतो, उचलून बाजूला ठेवता येतो. यात एक खोट आहे. बाळाला रस्त्याच्या बाजूने आत ठेवावं लागतं, तेव्हा गाडी अंगणात घेऊनच चढवा. यजमान उंच असतील तर बाळाची सीट मागे बसवल्यावर त्यांचे गुडघे स्टिअरिंगला लागतात का, हेही शोरूममध्येच बघा.

हे ठरलं की गाड्या आपोआप गळायला लागतात.

भावाची मिनीव्हॅन आधी. सरकतं दार गल्लीत फार सोयीचं, तो चूक नाही. आपल्याकडे ओम्नीला ते होतं. ती २०१९ मध्ये बंद झाली. आता ईको आहे, पण ती घाटात कुटुंब न्यायला मी सुचवणार नाही. आणि कियाची कार्निव्हल आहे, साठ लाखांच्या घरात. विषय संपला. इनोव्हा हायक्रॉस उत्तम गाडी आहे, भारत एनकॅप या धडकेच्या चाचणीत सुरक्षेचे पाच तारे मिळवलेली, पण तीही तुमच्या आकड्यात बसत नाही.

अर्टिगात मधल्या सीटची पाठ दुमडते आणि सीट पुढे सरकते. सांधीतून आडवं होऊन आत शिरायचं. कॅरेन्समध्ये डावी सीट अख्खी पुढे उलटते, वाट रुंद मिळते. अर्टिगा साधारण ४.४ मीटर लांब, कॅरेन्स ४.५४. दोन चाकांमधलं अंतर अर्टिगात २७४० मिलिमीटर, कॅरेन्समध्ये २७८०. चाळीस मिलिमीटर म्हणजे दोन बोटं, पण शेवटच्या ओळीत मांड्या बैठकीला टेकतात की गुडघे छातीशी येतात हे त्या दोन बोटांवर ठरतं. शिवाय कॅरेन्समध्ये शेवटच्या ओळीलाही छतातून एसीची हवा येते. अर्टिगात आधी छतातले झोत मधल्या ओळीसाठीच होते, मागे जाईल ती उरलेली; २०२५ पासूनच्या गाड्यांत शेवटच्या ओळीलाही झोत दिलेत, तेव्हा तुम्ही घ्याल त्या मॉडेलात ते आहेत का बघा. मे महिन्यात चिपळूणहून निघणाऱ्या आजोबांना हा फरक पेढांब्यापर्यंतच कळेल.

डिकीबद्दल कुणी खरं बोलत नाही. तिन्ही ओळी उभ्या असताना अर्टिगात २०९ लिटर, कॅरेन्समध्ये २१६. दोन मध्यम बॅगा आणि बाळाच्या दुपट्यांची पिशवी, संपलं. आंब्याच्या दिवसांत माहेरी चार पेट्या न्यायच्या असतील तर त्या कुठे ठेवणार? शोरूमला जाताना घरातली रिकामी पाच डझनी पेटी बरोबर न्या आणि स्वतः ठेवून बघा. माझ्या एका गिऱ्हाइकाने असंच केलं, सेल्समन आधी हसला, मग त्यानेच तिसरी ओळ अर्धी दुमडून पेटी बसवून दाखवली. शेवटच्या ओळीत एकटे आजोबा असतील तर शेजारची सीट पाडा, दोन पेट्या तिथे. आजोबांना वासाची हरकत नसावी.

आता यजमानांची सीएनजी. अर्टिगात टाकी शेवटच्या ओळीच्या मागे डिकीतच बसते, म्हणजे वर सांगितलेली जागाही गेली. ताकदही घटते, पेट्रोलवर १०३ पीएस (अश्वशक्ती) असलेली गाडी गॅसवर ८८ ची होते. सहा माणसं, सामान, एसी चालू आणि पोफळीच्या पुढची चढण, तिथे ते १५ पीएस आठवतात. पैशाचा हिशेब मांडू. पेट्रोल १०५ रुपये आणि लिटरला १५ किलोमीटर धरलं तर किलोमीटरला ७ रुपये. गॅस ९० रुपये आणि किलोला २२ धरले तर ४ रुपये १० पैसे. तुमचं फिरणं वर्षाला साडेआठ हजारांच्या आत, म्हणजे वाचतात चोवीस हजार. सीएनजी मॉडेलचे जास्तीचे पैसे लाखाच्या घरात. चार वर्षं रांगेत उभं राहून तुम्ही बरोबरीला याल. रोज साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्याला मी हीच गाडी डोळे झाकून घे म्हणतो. तुम्हाला नाही.

डिझेलही नको, कॅरेन्समध्ये मिळत असलं तरी. घाटात त्याची ओढ झकास, २५० न्यूटन मीटर, पेट्रोलच्या १४४ पुढे. पण एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी पकडणारी जाळी असते, आणि ती जळून साफ व्हायला गाडी लांब, गरम पळावी लागते. शाळा-बाजार-घर अशा तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत जाळी तुंबते, डॅशवर दिवा लागतो आणि मग माणूस माझ्याकडे येतो. शिवाय महाराष्ट्रात डिझेलचा रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त.

दिरांची क्रिस्टा. गाडी म्हणून बोट ठेवायला जागा नाही. तीन लाख किलोमीटर पळालेल्या इनोव्हा मी इंजिन न उघडता चालताना पाहिल्यात. पण ती चॅसीवर बांधलेली, म्हणून पायरी उंच. सासूबाईंना रोज चढवणार कोण? दुसरं, चिपळूणची जुनी गाडी म्हटलं की मला २२ जुलै २०२१ आठवतो. वाशिष्ठीच्या पुराचं पाणी उतरल्यावर महिनाभर टो केलेल्या गाड्या घाट चढून आमच्याकडे येत होत्या. त्यातल्या काही धुऊनपुसून, नवी सीट कव्हरं घालून बाजारात गेल्या, आणि त्यातली एक मीच भाच्यासाठी एका दलालाकडून घेतली. तीस वर्षं गॅरेज चालवणारा मी! इंजिन ऐकलं, ऑइल पाहिलं, खूश झालो. दोन महिन्यांनी मागचा सीट बेल्ट शेवटापर्यंत ओढला तर शेवटचा वीतभर पट्टा मातकट आणि कडक. गाळाची रेघ स्पष्ट. मग सीटच्या रुळाखाली बॅटरी मारली, तिथेही तेच. वायरिंगने पुढे वर्षभर माझ्याच हातून मोफत काम करून घेतलं. तेव्हा दिरांची गाडी त्या दिवशी कुठे उभी होती ते विचारा, आणि घरचा माणूस आहे म्हणून बेल्ट ओढायला लाजू नका. स्टेपनीच्या खळग्यातही हात फिरवा.

माझा कौल कॅरेन्सच्या साध्या पेट्रोल मॉडेलला, गिअर हाताने टाकायचे. सहा एअरबॅग तिला पहिल्यापासूनच आहेत. दुसरी पसंती अर्टिगा पेट्रोल, तिलाही २०२५ पासून सगळ्या मॉडेलांत सहा मिळतात. मारुतीचं वर्कशॉप तुमच्या दारात असेल आणि यजमान फारच हटून बसले तर तीच घ्या, वाईट काही होणार नाही. तारे बघायचे तर चाचणी कुठल्या साली, किती एअरबॅगच्या गाडीची झाली ते वाचा. सेल्समन आपल्या सोयीचं साल सांगतो.

पण सही करण्याआधी एक रविवार काढा. सगळे जा. टेस्ट ड्राइव्हला तुम्ही दोघंच बसून सपाट रस्त्यावर फेरी मारू नका, सहा जणांचं वजन भरा आणि परशुरामच्या चढाला न्या. एसी चालू. दुसऱ्या गिअरवर चढताना मधेच थांबा आणि पहिल्यावर पुन्हा उचला. क्लच किती खातो ते यजमानांच्या पायाला कळेल. आजोबांना शेवटच्या ओळीत बसवा, आणि पाच मिनिटं नव्हे, अर्धा तास. उतरताना त्यांनी कशाला धरलं ते पाहा. सीटच्या पाठीला धरलं तर ठीक. तुमचा हात मागितला तर कागद पुन्हा आखा: आजोबा पुढे, सासूबाई मधे डावीकडे, मुलगी मधोमध बेल्ट लावून, आणि शेवटच्या ओळीत तुम्ही, पुढे वाकून बाळाला हात लावता येईल अशा.

गाडी आली की ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचा. भरल्या गाडीसाठी टायरची हवा वेगळी लिहिलेली असते. पुण्याला निघताना ती भरा.

प्रश्न : आम्ही चौघंच. दिवाळीला आणि जत्रेला गावाहून दोघं-तिघं वाढतात. रेनोची ट्रायबर पुरेल का? लोक म्हणतात इंजिन लहान आहे. – भोसरीहून एक वाचक

उत्तर : पुरेल. लोकही खरंच सांगतात. एक लिटरचं इंजिन, ७२ पीएस, गाडीचं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. त्यात सात माणसं बसली की निम्म्या गाडीएवढा भार वाढतो, तेव्हा घाटात पहिला-दुसरा गिअर आणि धीर. पण तुम्ही वर्षातून चार वेळा सात जण होणार, तेही जत्रेपुरते. चार मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीच्या आत, म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून तिला १८ टक्के जीएसटी. अर्टिगाला ४०. मोठा फरक आहे.

तिच्या शेवटच्या दोन सीटा अख्ख्या काढून ठेवता येतात. उभ्या असताना डिकी ८४ लिटर, काढल्यावर ६२५. काढलेल्या सीटा पलंगाखाली ठेवा, वर जुनी चादर. जिन्याखाली किंवा गच्चीच्या खोलीत नको. माझ्याकडे एक जण दसऱ्याच्या आदल्या दिवशी सीटा बसवून घ्यायला आला, तर उंदरांनी स्पंज कुरतडून आत पिल्लं घातली होती. पाहुणे गाडीच्या बाहेर उभे.