आईचं डोकं चालत नाही, की कागद वाचता येत नाही?

"मॅडम, आईला काही लक्षातच राहत नाही. गोळ्या चुकतात, व्यायामाचा कागद दिलाय तरी करत नाही. हट्टीपणा आहे की विस्मरण?" अर्धांगवायूनंतर माणसाला आमच्याकडे, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून असलेल्या ऑक्युपेशनल थेरपीला आणलं की मुलांचा हा प्रश्न ठरलेला.

या मावशी बाजारात भाजी विकायच्या. उजवा हात कमजोर झालेला. डोकं कसं चालतं हे पाहायला घड्याळाचं चित्र काढायला सांगतात; फाइलमध्ये 'घड्याळाचं चित्र काढता आलं नाही' असा शेरा. मी पेन्सिल दिली, तर ती त्यांना नीट धरताच येईना. हात कमजोर होता हे खरं, पण शाळाही कधी पाहिली नव्हती. मग मी भिशीचं विचारलं. बारा बायका, कुणाचे किती आले, कुणाचे राहिले, सगळं तोंडपाठ. घड्याळाच्या चित्रावरून अशा बाईची स्मरणशक्ती कशी मोजणार?

व्यायामाचा कागद पिशवीत घडी करून जपून ठेवलेला होता. वाचून दाखवा म्हटलं, तर "चष्मा घरी राहिला". वाचता येत नाही हे सांगायची लाज वाटली की असं म्हणतात; हे वाक्य ऐकलं की मी कागद बाजूला ठेवते.

गोळ्यांच्या पाकिटांवर टिकल्या लावल्या. सकाळची लाल, रात्रीची काळी. "समजलं का?" असं विचारलं नाही, त्याला सगळेच हो म्हणतात. "आता सुनेला कसं सांगाल, ते मला सांगा," म्हटलं. पहिल्या वेळी उलटं सांगितलं, दुसऱ्या वेळी बरोबर. व्यायाम म्हणून शेंगा सोलणं, भाजी निवडणं, तेही उजव्या हातानं.

त्यांचं खरं दुखणं निराळंच निघालं. बचत गटात सही शिकल्या होत्या, तेवढंच काय ते लिहिता यायचं. आता सही जुळत नाही म्हणून बँकेत अंगठा द्या म्हणाले. "परत अंगठेबहाद्दर व्हायचं का मी?" डोळ्यांत पाणी.

मग थेरपीचं उद्दिष्टच बदललं. ताटात रवा पसरून बोटानं अक्षरं, नंतर चिंधी गुंडाळून जाड केलेलं पेन. नावात तीनच अक्षरं, पण तिसऱ्याची वेलांटी महिनाभर छळत होती. दोन महिन्यांनी सही जमली, थोडी वाकडी. बँकेत नमुन्याची सही नव्यानं दिली.

परवा त्यांचा फोन आला. लाल टिकल्या संपल्यात, सुनेनं खड्यांच्या आणल्यात, त्या चालतील का?