पाण्याकाठची एक दिवसाची भटकंती: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न (डोंबिवली): गाडी नाहीये, आईबाबा सोबत आहेत. लोकलने जाऊन संध्याकाळी घरी, असं पाण्याकाठचं ठिकाण सांगा.

पळसदरी. कर्जतच्या पुढे खोपोली लाईनवरचं पहिलंच स्टेशन, उतरून चालत तलावाशी. फार चढ नाही, बोरघाटाची लाईन तिथूनच चढायला लागते त्यामुळे बाबांना गाड्या बघायचा टाईमपास पण होईल. पितृपक्ष ते दिवाळी बेस्ट, तलाव भरलेला असतो आणि डोंगर हिरवे. फक्त खोपोली लोकल कमी असतात, तेव्हा परतीची गाडी आधी बघून ठेवा, मग निघा. पाण्यात उतरायचं नाही, काठाने फिरायचं.

प्रश्न (पुणे): जुलैमध्ये आमचा ग्रुप धबधब्याला जाणार आहे, सगळ्यांना पोहता येतं. कुठला सेफ आहे?

पोहता येण्याचा इथे काहीच उपयोग नाही हो. धबधब्याचं पाणी वाढतं ते वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाने, तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण बघता बघता बुडाले, त्याचा व्हिडिओ तुम्हीही बघितला असेलच. आधी पाणी गढूळ होतं, मग पाचोळा, काटक्या यायला लागतात, आवाज जड होतो. यातलं एक जरी दिसलं तरी सेल्फी, चपला, डबा सगळं सोडून बाजूने वर चढायचं, आणि पलीकडच्या काठावर अडकला असाल तर तिथेच थांबायचं, पाणी उतरेपर्यंत, मग रात्र झाली तरी चालेल. दुसरं म्हणजे बंदी. जिल्हाधिकारी दर पावसाळ्यात काही धबधब्यांवर बंदी घालतात (पूर्वीचं कलम 144, आता 163), तर निघायच्या आधी त्या जिल्ह्याचा ताजा आदेश बघाच. माझं मत विचाराल तर जुलैत धबधबा लांबून बघा आणि भिजायला सप्टेंबर अखेरीस जा, पाणी स्वच्छ असतं आणि गर्दीही ओसरलेली असते.

प्रश्न (ठाणे): अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं म्हणे, पण टायमिंग कसं कळणार?

मस्त प्रश्न! किल्ला समुद्रात आहे, चालत जाता येतं ते फक्त ओहोटीला. कालनिर्णय काढा. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ मिळते, कोकणातला जुना हिशोब आहे. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि सकाळी नऊला ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, पाणी खूप मागे जातं पण ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी येते, आणि अष्टमीला दुपारी बाराला येते खरी पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाणी धड हटतच नाही. म्हणून चतुर्थी-पंचमी धरा. हा अंदाज झाला, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघा आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांनाही विचारा. पाणी उतरत असतानाच आत जा आणि भरती लागायच्या आत बाहेर या. पायात बूट हवेतच, खडकांना चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, चारी बाजूंनी खारं पाणी असताना, ती चुकवू नका. बाहेर आलात की वरसोलीकडे किनाऱ्याने चालत सुटा, सुरूच्या बनात डबा खा. पावसाळ्यात मात्र हा बेत नकोच, गेटवेच्या लाँचही बंद असतात.

प्रश्न (कांदिवली): बोरिवली नॅशनल पार्कात तुळशी तलावाकाठी जाता येईल का?

नाही. तुळशी आणि विहार पिण्याच्या पाण्याचे तलाव आहेत, पब्लिकला एन्ट्री नाही. त्यापेक्षा कान्हेरीला जा, शंभराहून जास्त लेणी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी, पावसाचं पाणी त्यात कसं वळवलंय ते कातळातल्या पन्हाळ्या बघत बघत वरपर्यंत चढा. सोमवारी पार्क बंद असतं.