एप्रिलात ग्रीसचं बेट, जमते का?

प्रश्न: भाऊ, आम्ही दारव्ह्याकडचे, कापूस-तूर निघाली की एप्रिल-मेत रिकामेच असतो. पोरगी जर्मनीत आहे, म्हणते आईबाबा पुढच्या वर्षी क्रीट बेटावर भेटू. तेव्हा तिथं सगळं बंद तं नसते न? अन् खायचं कसं, आम्ही माळकरी.

उत्तर: काहून नाही जमणार ताई, जा बिनधास्त! आपल्याकडं पारा ४२ च्या वर असते तेव्हा तिथं दुपारी विशीच्या आसपास, पण संध्याकाळी वारा सुटते, मी स्वेटर घरीच ठेवून गेलो होतो अन् क्रीटमधल्या हानिया शहराच्या जुन्या बंदरावर कुडकुडत बसलो. समुद्र एप्रिलात बर्फासारखा, पाय भिजवा अन् वापस या. समारियाची १६ किलोमीटरची घळ साधारण १ मेच्या सुमारास उघडते, अन् लहान बेटांच्या बोटी तेव्हा कमीच, म्हणून मुक्काम हानियातच ठेवा.

त्यांचा ईस्टर २०२७ मध्ये २ मे ला आहे, त्या दोन-तीन दिवसांत दुकानं बरीच बंद अन् बोटींना गर्दी, पण लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटून फोडतात ते पाहायला मजा येते. खाण्याचं टेन्शन नको, 'होर्ता' मागा, म्हणजे रानातला पाला उकडून वर ऑलिव्हचं तेल अन् लिंबू, आपल्या तरोट्याच्या भाजीची आठवण येते, फक्त तिखट नाही, तं चटणीची पुडी बॅगेत टाकाच.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे जर्मनी-ग्रीस धरून युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालते तो, सहा महिने आधीपासून अर्ज करता येते. जर्मनीत जास्त दिवस राहणार असाल तं अर्ज जर्मनीकडं करा, ग्रीसकडं नाही.