'स्टार वॉर्स'मधल्या एकेका पात्रावर वेगळी मालिका काढणं शोभतं का?

शोभतं. पण मूळ सिनेमात पात्राचा जितका दबदबा, तितकी त्याची मालिका अडचणीत येते. कोणती आधी पाहावी हेही तुम्ही विचारलंय, ते पुढे ओघात येईल.

बोबा फेट हा पैशासाठी माणसं पकडणारा शिकारी घ्या. १९८०च्या सिनेमात त्याच्या तोंडी मोजून चार वाक्यं. शिरस्त्राण कधी उतरत नाही, आणि सगळी जरब त्यातूनच येते. २०२१च्या डिसेंबरात सुरू झालेल्या सात भागांच्या मालिकेत त्याला उघड्या चेहऱ्याने गादीवर बसवून बोलकं केलं. जरब संपली. पाचव्या भागात तर तो दिसतच नाही, अख्खा भाग 'द मँडलोरियन' या दुसऱ्या मालिकेच्या नायकाचा, म्हणजे मँडलोरियनचा. वर मँडलोरियनने सांभाळलेलं पोर, ग्रोगू, मँडलोरियनकडे परत येतं तेही याच मालिकेत. म्हणून 'द मँडलोरियन'चे दोन सीझन झाले की 'बोबा फेट'चे ५, ६, ७ हे तीन भाग पाहा आणि मगच तिसरा सीझन लावा. नाहीतर दुसऱ्या सीझनच्या शेवटी निरोप घेतलेलं पोर इथं कसं आलं, हे कळणार नाही. पहिले चार भाग सोडले तरी काही अडत नाही.

आता पानठेल्यावरचा ठरलेला मुद्दा: "शेवट माहीत आहे, मग पाहायचं काहून?" राजेहो, भागवत सप्ताहात कंस मरणार हे लहान पोरालाही ठाऊक असतं, तरी मंडप भरतोच ना? शेवट माहीत असल्याने मालिका पडत नाही. 'हा जगेल का?' या एकाच प्रश्नावर ती उभी केली, तर पडते. २०२२च्या 'ओबी-वॅन केनोबी'चं तेच झालं. ओबी-वॅन आणि त्याचा शत्रू वेडर दोघेही १९७७च्या सिनेमात जिवंत लागतात, त्यामुळे प्रत्येक झुंज अर्ध्यावर सोडावी लागली. सहा भाग लेखकाचे हात बांधलेलेच.

उलट 'अँडॉर' बघा. तिचा नायक कॅशन मरतो हे २०१६च्या 'रोग वन' या सिनेमातच दाखवून झालं होतं. तरी टोनी गिलरॉयची ही मालिका या सगळ्यांत वरचढ आहे, कारण तिचा प्रश्न वेगळा: स्वतःपुरतं पाहणारा माणूस साम्राज्याविरुद्धच्या बंडात कसा ओढला जातो? पहिल्या सीझनचे ८ ते १० हे तुरुंगाचे भाग पाहा. कैदी अनवाणी, कारण फरशीतून विजेचा झटका देता येतो. एका टेबलावर सात जण, खोलीत सात टेबलं. मागे पडलेल्या टेबलाला झटका, पुढे राहिलेल्याला चवीचं जेवण. पहारेकरी थोडेच, कारण कैदीच एकमेकांना कामाला जुंपतात. आपण कशाचे सुटे भाग जोडतोय ते कोणालाच माहीत नाही. सीझनच्या शेवटच्या भागात नामावली संपेपर्यंत थांबा, तिथं ते कळतं. साम्राज्य कसं चालतं हे मूळ सिनेमांनी इतकं जवळून कधी दाखवलं नव्हतं. दोन्ही सीझनमध्ये तलवार उपसणारा एकही जेडाय (मूळ सिनेमांतले प्रकाशाच्या तलवारीचे योद्धे) नाही, आणि त्याची आठवणही होत नाही.

'अँडॉर' पाहायची रीत सांगतो. पहिले तीन भाग एका बैठकीत पाहा. एकाच भागावर मत बनवाल तर कंटाळून सोडाल. २०२५चा दुसरा सीझन तीन-तीन भागांचे चार गठ्ठे आहेत आणि दर गठ्ठ्याला कथा एक वर्ष पुढे सरकते. मधेच थांबलात तर धागा तुटेल. त्यानंतर लगेच 'रोग वन' लावा.

रात्रीच्या लाइनवर ओलिताला जात असाल तर भाग घरूनच डाउनलोड करून न्या, वावरात रेंजचा भरवसा नसतो. अंधारी दृश्यं भरपूर आहेत, दिवसा उन्हात मोबाइलवर काहीच दिसणार नाही.

लहान पोरं सोबत असतील तर मात्र 'अँडॉर' नको, संथ आणि कडू आहे. त्यांना 'स्केलेटन क्रू' ही 'स्टार वॉर्स'चीच मालिका लावा. आणि माझा नियम सगळीकडे चालतो असंही नाही. २०२४च्या 'अॅकोलाइट'मध्ये बहुतेक पात्रं नवी होती, हात बांधलेले नव्हते, तरी आठ भागांत गुंडाळली. 'असोका' ही मालिका मात्र 'रिबेल्स' या कार्टूनचे चारही सीझन पाहिल्याशिवाय लावू नका. अर्धी माणसं तिथूनच आलेली आहेत.