आधी तुझी सकाळ लिहून काढ

प्रिय पोरी,

संधिवाताच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळाल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलं. धंतोली, पुढचा गुरुवार, संध्याकाळची वेळ. बोलण्यावरून वाटलं की ती घाबरली आहे आणि तू चिडली आहेस. "आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला, आता पोरीचं कसं होईल," हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आरए फॅक्टर ही रुमॅटॉइड, म्हणजे सुजेच्या संधिवातासाठी करतात ती रक्ताची तपासणी. तिला सांग, तो कागद सध्या फाइलमध्ये राहू दे. आरए फॅक्टर धडधाकट माणसांतही पॉझिटिव्ह येतो, टीबीत येतो, काविळीच्या हिपॅटायटिस सीमध्ये येतो. उलट ज्यांची बोटं खरोखर या आजाराने सुजली आहेत, अशा काहींचा तो निगेटिव्ह असतो. एकट्या त्या रिपोर्टवर कोणताही चांगला डॉक्टर निदान करत नाही.

माझी सगळी नोकरी दवाखान्यात गेली, त्यातली शेवटची बरीच वर्षं संधिवाताच्या ओपीडीच्या दारापाशी, वजन-बीपी घेत. तिथे बसून एक पक्कं कळलं. जाडजूड फाइल आणणाऱ्यापेक्षा ज्याला आपलं दुखणं नीट सांगता येतं त्याचं काम आत लवकर होतं. हे आजार पेशंटच्या सांगण्यातून आणि डॉक्टरच्या बोटांखाली उलगडतात. रक्त नंतर साक्ष द्यायला येतं. तेव्हा गुरुवारपर्यंत तुला तयारी करायची आहे ती तुझ्या सांगण्याची.

डॉक्टर सगळ्यांत आधी विचारतील, सकाळी सांधे आखडतात का, आणि किती वेळ? यावर नव्वद टक्के लोक म्हणतात, "हो ना, खूप!" खूप म्हणजे किती? दहा मिनिटांत हात मोकळे होतात, की चहा, अंघोळ, डबा सगळं होऊनही मूठ वळत नाही? तुझ्या आजीचे गुडघे झिजलेत, तिचं आखडणं अर्ध्या तासाच्या आत सुटतं आणि दिवसभर चालून संध्याकाळी दुखणं वाढतं. सुजेच्या संधिवातात नेमकं उलटं असतं. सकाळ सगळ्यांत वाईट, तासभर किंवा त्याहून जास्त, आणि हातपाय हलवले की जरा बरं. या एका प्रश्नावर डॉक्टरांचा विचार इकडे की तिकडे वळतो. आणि तिथेच लोक अंदाजपंचे बोलतात.

म्हणून उद्यापासून उशाशी वही ठेव. उठल्याची वेळ लिही आणि हात मोकळे झाल्याची वेळ लिही. मध्ये काय जमलं नाही तेही. कुकरचं झाकण, सलवारची नाडी, टूथपेस्टचं टोपण, ओला टॉवेल पिळणं, स्कूटीचा ब्रेक. "दुखणं दहापैकी सात" म्हटल्याने कुणाला काही समजत नाही. "साडेसातपर्यंत लायटर दाबता येत नाही, आई गॅस पेटवून देते" म्हटलं की डॉक्टर पेन उचलतात. रात्री पाठीच्या दुखण्याने जाग येते का, आणि उठून दोन फेऱ्या मारल्या की बरं वाटतं का, तेही लिही. पाठीचा संधिवात तरुणपणीच सुरू होतो, आणि लोक गादी बदलत बसतात.

तुझी वेळ संध्याकाळची आहे, त्यात एक गोची आहे. सकाळी दिसणारी सूज संध्याकाळपर्यंत ओसरते आणि मग डॉक्टरसमोर हात अगदी शहाण्या मुलासारखे वागतात. म्हणून सूज असेल त्या सकाळी मोबाइलवर फोटो काढ. दोन्ही हात शेजारी शेजारी, पालथे. मग मूठ जेवढी वळते तेवढी वळवून. खिडकीजवळ, उजेडात, फिल्टर न लावता. पायाच्या बोटांचाही काढ.

आता तारखा. "कधीपासून?" विचारलं की "झाले असतील चार-सहा महिने" हे उत्तर ठरलेलं. तारीख आठवत नसेल तर सण आठव. पोळ्याला पुरण वाटताना हात ठीक होते का? दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक बघायला महाल भागात गेलीस, त्या गर्दीत उभं राहताना तळपाय दुखत होते का? महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला बसलीस तेव्हा? कोजागिरीला? असं मागे जात गेलं की पहिला दुखरा सांधा सापडतो. पहिला कोणता, मग कोणता, दोन्ही बाजूंना सारखं की एकाच, आणि आधीचा सांधा दुखतच राहिला की तो बरा होऊन दुसरा धरला, हे क्रमाने लिही. बोटांतही फरक आहे. मुळाचे आणि मधले सांधे दुखणं वेगळं, नखाजवळचे दुखणं वेगळं. बोट दाखवून सांग, "हात दुखतात" म्हणून सोडू नकोस. सहा आठवड्यांच्या आतलं दुखणं आणि त्यापुढचं दुखणं डॉक्टर वेगवेगळ्या नजरेने बघतात, म्हणून तारखेचा एवढा आग्रह.

आणि ताप! नागपुरात हा प्रश्न सुटता कामा नये. 2024 च्या पावसाळ्यात आपल्याकडे चिकुनगुनियाने घरं घरं झोपवली होती, आठवतं ना? त्या तापानंतरचं सांधेदुखणं कित्येकांना महिनोन् महिने पुरतं आणि दिसायला हुबेहूब संधिवातासारखं, तेच हात, तीच मनगटं. तेव्हा दुखणं सुरू होण्याआधी ताप आला होता का, अंगावर पुरळ होतं का, घरात आणखी कुणाला होतं का, रक्त तपासलं असेल तर तो रिपोर्ट कुठल्या तारखेचा, हे सगळं जवळ असू दे. विदर्भातली म्हणून आणखी एक. घरात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, कुणाला आहे का, तू वाहक आहेस का, हे माहीत असेल तर सांग आणि माहीत नसेल तर तसंही सांग. सिकलसेलमध्ये हाडं आणि सांधे दुखतात, खुब्याचं हाड खराब होऊ शकतं, शिवाय ईएसआर, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, फसवा कमी येतो. अशा पेशंटचा ईएसआर नॉर्मल बघून सूज नाही असं म्हणता येत नाही.

सांध्यांच्या बाहेरच्या गोष्टी लोक सांगतच नाहीत, कारण त्यांचा संबंध असेल असं वाटत नाही. केसांत किंवा कानामागे खपल्या आहेत का (त्याला आपण कोंडा म्हणून सोडतो, कधीकधी तो सोरायसिस हा त्वचेचा आजार असतो), नखांवर बारीक खड्डे, डोळा लाल होऊन दुखणं, तोंडात वारंवार फोड, उन्हात गेल्यावर गालावर चट्टे, थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं, डोळे-तोंड कोरडं, लघवीला फेस. घरात कुणाला टीबी झाला होता का, हे तर नक्की. काही औषधं सुरू करण्याआधी टीबी आणि कावीळ तपासावीच लागते.

औषधांबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. जे काही पोटात गेलंय ते सगळं पिशवीत टाकून ने. रिकाम्या पट्ट्या, मेडिकलवाल्याने दिलेल्या सुट्या गोळ्या, तेलं, आणि मामांनी आणलेल्या त्या बिननावाच्या पुड्याही. तुझी आई म्हणाली, त्या घेतल्यावर दोन दिवसांत पोरगी नाचायला लागली. मला तेव्हाच शंका आली. असल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. स्टेरॉइडने सूज झटक्यात बसते, डॉक्टरला हात साफ दिसतो आणि आजार आत चालूच राहतो. लाज वाटून लपवू नकोस. डॉक्टर रागावलेच तर दोन मिनिटं रागावतील. पुड्या काही आठवड्यांपासून रोज चालू असतील तर आपल्या मनाने एकदम बंदही करू नकोस, शरीराला ते झेपत नाही. आधी फोन करून दवाखान्यात विचार. त्या दिवशी दुखण्याची गोळी घेतलीस तर किती वाजता घेतली तेवढं सांग.

रिपोर्ट तारखेप्रमाणे लाव, जुना खाली, नवा वर. एक्स-रेची फिल्म घडी करायची नाही आणि उन्हात स्कूटीच्या डिकीत तर अजिबात ठेवायची नाही. 'संधिवात पॅकेज' म्हणून लॅबवाले जे विकतात ते आधीच करून पैसे घालवू नकोस. कुठल्या तपासण्या हव्यात ते डॉक्टर बघून ठरवतील. उपाशीही जाऊ नकोस, रांग लांब असते. निघताना काहीतरी खाऊन घे.

आणि हो, तू विचारलं होतंस की हाडांच्या डॉक्टरकडे गेलेच होते, मग हे कशाला. हाडांचे डॉक्टर मोडलेलं, झिजलेलं दुरुस्त करतात, ऑपरेशन करतात. हे डॉक्टर मेडिसिनमध्ये एमडी करून पुढे संधिवाताचंच शिकलेले, बहुतेक डीएम, म्हणजे एमडीच्या पुढची पदवी. आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते, ती औषधांनी आवरणं हे त्यांचं काम. पाटीवर 'संधिवात' लिहिणारे खूप आहेत, खाली पदवी काय लिहिली आहे ते वाचत जा.

कपडे सैल घाल. बाही कोपराच्या वर जायला हवी, पायजमा गुडघ्याच्या वर. अंगठ्या घरीच काढ, बोट सुजलं असेल तर साबण लावून. नेलपेंटही काढ, नखं बघतात. डॉक्टर एकेक सांधा अंगठ्याने दाबतील, नख पांढरं पडेपर्यंत, आणि तुझ्या हाताकडे न बघता तुझ्या तोंडाकडे बघतील. दुखलं तर दुखलं म्हण, सोसून दाखवायची ती जागा नाही. हिशेब बहुधा 28 सांध्यांचा असतो: खांदे, कोपरं, मनगटं, हाताची बोटं, गुडघे. पावलं त्या 28 मध्ये येत नाहीत. तुला तर पायाच्या चवड्यातून सुरुवात झाली, म्हणून चपला काढून ते आपणहून दाखव.

आईला सोबत ने, पण बोल तू. मी पाहिलंय, पेशंट पोरगी खुर्चीवर गप्प आणि आई सगळी उत्तरं देऊन राहिली. तुझ्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे, त्यामुळे "फाइलवर नाव लिहू नका" वगैरेही ती म्हणेल. तिच्या जागी तिचं बरोबर वाटतं तिला. पण डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीने बोल. पाळी, लग्नाचा विचार, मूल कधी हवं, हे त्यांना माहीत असायलाच हवं. यात नेहमी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, ते आधीच काही महिने बंद करावं लागतं, आणि गरोदरपणात चालतील अशी दुसरी औषधंही आहेत. या आजाराच्या कितीतरी बाया लेकरं घेऊन फॉलोअपला यायच्या. लग्नाची गोष्ट लपवून औषध घेतलं तर मात्र घोळ होतो.

मेथोट्रेक्सेट लिहून दिलंच तर एवढं डोक्यात कोरून ठेव: ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. कुठला वार, ते चिठ्ठीवर डॉक्टरांकडून लिहून घे, आणि सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी कुठल्या वारी तेही. मेडिकलवाल्याने पाकिटावर 'रोज एक' लिहिलं तर तिथेच परत विचार. असर दिसायला 6 ते 12 आठवडे लागतात. पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडणारे परत येतात तेव्हा बोटं वाकडी झालेली असतात, हे मी घाबरवायला सांगत नाही, बघितलंय म्हणून सांगते.

खाण्यापिण्याचं तर विचारूच नकोस. वात म्हटलं की आंबट बंद, दही बंद, चिंच बंद, आणि नागपुरात राहून संत्रं बंद! संत्र्याने बोटं सुजत नाहीत. खा. युरिक अ‍ॅसिडचा गाऊट हा वेगळा आजार आहे, त्याची पथ्यं शेजारच्या काकू तुझ्यावर लादतील, हसून सोडून दे. तंबाखू मात्र या आजारात खरा वैरी. तू ओढत नाहीस, पण घरात कुणी ओढत असेल तर त्याला बाहेर काढ.

पहिल्याच भेटीत नाव सांगितलं नाही तर नाराज होऊ नकोस. कधीकधी डॉक्टर चार-सहा आठवडे थांबून परत हात बघतात, आणि घाईने भलतंच नाव चिकटवणाऱ्यापेक्षा ते बरं. बाहेर पडण्याआधी विचार: पुढची तारीख कधी, मध्ये कुठलं रक्त तपासायचं, ताप आला तर गोळी थांबवायची का, आणि फोन कुणाला करायचा. उत्तरं तिथेच वहीत लिही, घरी येईपर्यंत विसरतं.

गुरुवारी गाडी आणू नकोस, धंतोलीत लावायला जागा मिळत नाही आणि ब्रेकचा त्रास वेगळाच. प्रजापतीनगरहून मेट्रोने सीताबर्डीला उतरा, पुढे ऑटो. त्याआधी रविवारी दुपारी वही, पिशवी आणि फाइल घेऊन माझ्याकडे ये, तारखा बसवून टाकू. पुड्याही आण, विसरले म्हणू नकोस.

तुझी,
मावशी