वसुलीला कुणी येत नाही

गावभाग, सांगली
सोमवार, रात्री

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा आयर्विन पुलाच्या तोंडाशी भेटलीस तेव्हा मागं गाडीवर तुझे बाबा होते, म्हणून मी फार बोललो नाही. "नाटकाचं काय?" एवढंच विचारलं. तू हसलीस आणि म्हणालीस, "आहे की काका, मनात जपून ठेवलंय. बाबांचं जरा बरं होऊ दे, घराचं कर्ज हलकं होऊ दे, मग बघू."

फोन करून बोललो असतो, पण फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणतेस आणि विषय संपतो. कागद निदान दोनदा वाचला जातो.

तुझा 'जपून ठेवलंय' हा शब्द मला घरापर्यंत टोचत आला. मी पस्तीस वर्षं हळदीच्या पेढीवर दिवाणजी होतो. जपून ठेवणं म्हणजे काय, ते मला थोडंफार कळतं. हरिपूरची पेवं तू पाहिली नसशील, तुझ्या लहानपणीच त्यांचे दिवस भरले. पंचवीस-तीस फूट खोल खड्डे, वर तोंड बारीक, आत हळद. माल भरून तोंड लिंपून टाकलं की वर्षानुवर्षं कीड नाही की बुरशी नाही. भाव चढला की पेव उघडायचं. 2005 च्या महापुरात पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं कामातून गेली. गंमत बघ, 'पेव फुटलं' म्हणजे उदंड झालं असं आपण बोलतो, आणि हरिपूरची पेवं खरोखर फुटली तेव्हा माणसं रडली.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. पेवात हळद टिकायची, कारण ती शिजवून, उन्हात खडखडीत वाळवून मगच आत जायची. ओला गड्डा टाकला असता तर कुजला असता. तुझं नाटक अजून ओलं आहे. कॉलेजात दोन एकांकिका केल्यास, एकीत बक्षीस मिळालं, बस्स. त्याच्यावर काही संस्कार झालेले नाहीत. ते पेवात टाकून दहा वर्षांनी काढीन म्हणतेस, तर तोंड उघडल्यावर काय हाती येईल याचा भरवसा मी देणार नाही.

आता माझं सांगतो. तुला अर्धं माहीत आहे, उरलेलं अर्धं कुणालाच नाही.

1986 साली दिवाळीला मी मिरजेतून सतार घेतली. तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम होती, आईनं दोन दिवस अबोला धरला होता. एकोणतीस वर्षांचा होतो. मिरजेत थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाणं-बजावणं होतं, तिथं मी रात्र रात्र बसायचो. सतारीवर 'झाला', म्हणजे शेवटचं जलद वादन, सुरू झालं की अंगावर काटा यायचा. म्हटलं, आपणही शिकायचं. सतार घरी आली, तिला गवसणी शिवली, दिवाणाच्या खणात ठेवली. आणि तिथंच ती राहिली.

का राहिली, हे मी पुष्कळदा तपासून पाहिलंय. वेळ नव्हता हे अर्धवट खरं. हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत रात्री दहाशिवाय पेढी सुटायची नाही, पण पावसाळ्यात दुपारी तीनला आम्ही पत्ते खेळत बसायचो. खरं कारण असं, की सतार विकत घेतली आणि मला शिकल्यासारखंच वाटायला लागलं. पाहुण्यांना गवसणी काढून दाखवायची, भोपळा पंढरपूरकडचा आहे, खालच्या तारांना तरफा म्हणतात, एवढं सांगायचं. माहिती भरपूर. शिवाय दर्ग्यात जाऊन ऐकणं चालूच होतं. ऐकणं हीसुद्धा लपायची जागा होती, हे फार उशिरा लक्षात आलं. तूही सांगलीत येणारं प्रत्येक नाटक बघतेस. बघ, पण ते तुझ्या खात्यावर जमा धरू नकोस.

2005 ला गावभागात पाणी आलं. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी निघालो. परतलो तेव्हा दिवाण फुगून उघडत नव्हता, पहारीनं उचकटला. सतारीचे सांधे सुटले होते. ती तशीच चादरीत गुंडाळून मिरजेला सतारमेकर गल्लीत नेली. म्हातारे कारागीर होते. त्यांनी चिखल पुसला आणि पितळी पडद्यांवरून बोट फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. म्हणाले, "दिवाणजी, पडद्यांवर तारेची एक रेघ नाही. ही वाजवलीच नाही की कुणी."

एकोणीस वर्षं झाली होती त्या सतारीला.

तुला वाटेल, तिथून मी पेटून उठलो असेन. नाही. त्यानंतरही मी नऊ वर्षं घालवली. आधी घर सावरायचं होतं, मग थोरलीचं लग्न, मग पेढीवर संगणक आला तो शिकायचा होता. सगळी कारणं खरी होती. हे नीट ऐक, कारण तुझीही कारणं खरी आहेत. वडिलांचं आजारपण खोटं नाही, बँकेचा हप्ता खोटा नाही. 'इच्छा असेल तिथं मार्ग' असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, त्यांच्या घरी बहुधा दुसरं कुणीतरी स्वयंपाक करत असतं. मी फक्त एवढंच म्हणतो, की खऱ्या कारणांची रांग संपत नाही. एक सरलं की मागचं पुढं येतं.

पेढीवर मी एक गोष्ट रोज बघत होतो आणि तरी मला ती दिसली नाही. ज्या येण्याच्या वसुलीला माणूस जातो, ते येणं येतं. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याच्या मालाच्या पैशांचा हिशेब, वेळेवर निघते, कारण तो गादीसमोर येऊन बसतो. हमाली, तोलाई चुकती होते, कारण संध्याकाळी ती माणसं दारात उभी असतात. खतावणीत काही खाती अशी असायची, की ज्यांना विचारणारं कुणी नसायचं. ती पुढच्या वहीत ओढली जायची, मग त्याच्या पुढच्या. मन लावून केलेली इच्छा हे असलं खातं आहे. तू नाटक केलं नाहीस तर बँकेतून नोटीस येणार नाही. आई ओरडणार नाही. तुझ्याच घरचं येणं, आणि मागायला कुणी नाही.

विष्णुदास भाव्यांचं तुला मी काय सांगायचं, तुम्ही नाटकवाले 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन करता. पण मला त्या गोष्टीतला एक भाग फार आवडतो. 1843 साली 'सीता स्वयंवर' हे त्यांचं पहिलं मराठी नाटक झालं, ते आधी कुणीतरी मागितलं म्हणून. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते बघून राजेसाहेब चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी तसं काही मराठीत कर म्हणून भाव्यांना सांगितलं. अंगात गुण होताच, त्याबद्दल वाद नाही. पण समोर मागणारा होता. तुला-मला राजा सांगायला येणार नाही. तेव्हा मागणारा आपणच गाठायला हवा.

2014 साली मी तेच केलं, आणि तेही शहाणपणानं नव्हे, पैशाच्या लोभानं. सत्तावन्नावं चालू होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक शिक्षिका सतार शिकवायच्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी सांगितलं, तीन महिन्यांची फी आगाऊ, गैरहजर राहिलात तरी परत नाही. दिवाणजीच्या काळजाला ते बरोबर लागलं. पैसे बुडू नयेत म्हणून मी मंगळवार-शुक्रवार जाऊ लागलो. तेव्हापासून जातोय.

काय मिळालं? खोटं नाही सांगत, फार नाही. डाव्या हाताची बोटं आखडलेली, मींड घ्यायला तार ओढली की सूर हमखास कमी पडतो. मांडी घालून अर्ध्या तासावर बसवत नाही, आता खुर्चीवर बसतो, सतारीच्या भोपळ्याखाली उशी. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षेला पहिल्यांदा बसलो तेव्हा बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना सहावी-सातवीतली पोरं. एकानं विचारलं, "आजोबा, तुम्ही नातवाला घेऊन आलाय का?" प्रारंभिक पास झालो, प्रवेशिकेचे दोन्ही भाग झाले, मध्यमाला पहिल्या वेळी नापास. एकोणतिसाव्या वर्षी सुरू केलं असतं तर कुठं पोचलो असतो, हा हिशेब मी एकदा मांडला आणि कागद फाडून टाकला. पण रात्री भूप राग वाजवताना गंधार एखाद्या दिवशी नेमका लागतो, तरफा आपोआप बोलतात, आणि शेजारच्या खोलीतून तुझी काकू टीव्हीचा आवाज कमी करते. ते मला पुष्कळ आहे.

आता ते उरलेलं अर्धं.

माझी आई सातवीपर्यंत शिकलेली. तिला मॅट्रिक व्हायचं होतं, शेवटपर्यंत ती मॅट्रिकच म्हणायची. शाळेत न जाता दहावीला बसता येतं, 17 नंबरचा फॉर्म भरावा लागतो, हे तिनंच कुठूनतरी काढलं होतं. फॉर्मला तिच्या शाळेचा दाखला हवा होता. शाळा जत तालुक्यात. एसटीनं सकाळी निघून संध्याकाळी परत येता आलं असतं. तिनं मला एकदा सांगितलं, मग पुढच्या जूनला सांगितलं. मी म्हणायचो, "यंदा माल फार आलाय, पुढच्या वर्षी नक्की." चार-पाच वर्षं असं झालं. मग तिनं विचारायचं सोडलं आणि मला हायसं वाटलं, हे लिहायला अजून जड जातं. 1998 ला ती गेली. सतार नंतर तरी हातात आली. जतची ती एक खेप मी आता कितीही वेळा केली तरी उपयोग नाही.

म्हणून विचारतो, तुझ्या घरात कुणाचं काही पडून आहे का? तुझ्या आईचं? तिला विचार. त्यातलं एखादं अगदी एका दिवसाचं काम असेल.

आणि हो, राहिलेलं सगळंच करत बसायचं नसतं. मला एकेकाळी हिमालयात जायचं होतं, पोहायला शिकायचं होतं, इंग्रजी कादंबऱ्या वाचायच्या होत्या. एका पाडव्याला बसून मी ही खाती बुडीत म्हणून लिहून टाकली. एकाचीही हळहळ नाही. हिमालय मला मुळात नको होता, शेजारी जाऊन आला म्हणून हवा होता. तुझं नाटकही कदाचित तसंच निघेल. कॉलेजातल्या टाळ्यांची आठवण तेवढी हवी असेल. पण ते कळायला एकदा तालमीत उभं राहावं लागेल, घरात बसून कळणार नाही.

नोकरी सोडायचं डोक्यातसुद्धा आणू नकोस. तुझी मावसबहीण मुंबईला जाण्याबद्दल काय काय सांगते ते मी ऐकलंय. आपल्या गावात हौशी नाटक करणारी माणसं कोण आहेत, डोळ्यांपुढं आण. कुणी शिक्षक, कुणी पोस्टात, कुणी मार्केट यार्डात. दिवसभर काम करून रात्री तालमीला जातात आणि राज्य नाट्य स्पर्धेला उभी राहतात. तुझ्यासारख्यांसाठीच ती वाट आहे. भूमिका मागू नकोस, आधी प्रॉम्प्टिंग माग. प्रॉम्प्टरला सगळ्यांची वाक्यं पाठ होतात आणि एखाद्या दिवशी कुणी आजारी पडतंच. घरी बाबांना सांग, अमुक दोन संध्याकाळी मी नसेन, औषधाचं आई बघेल किंवा मी येऊन बसेन. मी मोकळाच असतो, मंगळवार-शुक्रवार सोडून. तुझ्या बाबांशी बुद्धिबळात हरायला मला आवडतं.

नवीन काही विकत घेऊ नकोस. वही नको, पुस्तकं नकोत, कुठल्या शिबिराची फी तर मुळीच नको. चारजणींना सांगतही बसू नकोस. सांगितलं की अर्धी हौस तिथंच फिटते.

मी एका मंडळाच्या दिग्दर्शकांशी बोललोय, आमच्या पेढीवर ते हळद न्यायला यायचे. गुरुवारी साडेसातला त्यांची तालीम आहे. पत्ता काकूकडून घे, मला गल्लीचं नाव नीट लिहिता येईना. साडेनऊला मी तुला फोन करणार आणि एकच विचारणार, गेली होतीस का. पुढच्या गुरुवारीही करणार. वैतागलीस तरी उचल.

बाबांना नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, मागच्या डावातला उंट मी मुद्दाम सोडला नव्हता.

तुझा,
दिवाणजी काका